विश्लेषण : सळ्या बुडवताच पाणी काळे का होते? दारातल्या ‘टेस्ट’मागचे विज्ञान

दारात आलेला तरुण घरातून एक पेला नळाचे पाणी मागतो. दुसऱ्या पेल्यात आपल्या बाटलीतले ‘आरओ’चे पाणी ओततो. मग बॅगेतून चार सळ्यांचे एक छोटे यंत्र काढतो, दोन सळ्या या पेल्यात, दोन त्या पेल्यात सोडतो आणि पिन बोर्डात घालतो. अर्ध्या मिनिटात नळाच्या पाण्यात बुडबुडे येतात. पाणी आधी हिरवट, मग तपकिरी, मग गटारासारखे काळपट होते आणि वर फेस जमतो. शेजारचा पेला जवळपास होता तसाच राहतो. ‘‘बघा काकू, हेच पाणी लेकरं पितात,’’ एवढे एकच वाक्य मग पुरते.

लातूर जिल्ह्यातील जळकोटला माझ्या आत्याच्या घरी हा प्रयोग झाला. त्याच संध्याकाळी रांजण उपडा झाला. नळाचे पाणी भांड्यांपुरते उरले, पिण्यासाठी २० लिटरचा जार सुरू झाला आणि हप्त्यावर यंत्र घ्यायचे जवळपास ठरले. रात्री तिने फोन केला. ‘‘तू इंजिनिअर झालास ना? मग सांग, आपण इतकी वर्षं काय पीत होतो?’’

प्रश्न रास्त होता. पण तो काळा गाळ पाण्यात आधी नव्हताच. तो सळ्यांतून आला होता.

पेल्यात नेमके काय घडते?

या यंत्रात मोटार नसते की गाळणी नसते. आत एक डायोड असतो, जो घरातली उलटसुलट वाहणारी वीज एकाच दिशेने जाऊ देतो. प्रत्येक पेल्यात जाणाऱ्या जोडीत साधारणपणे एक सळी लोखंडाची आणि एक ॲल्युमिनिअमची असते. वीज सुरू झाली की एक सळी धन होते, दुसरी ऋण. शाळेत शिकलेले पाण्याचे विद्युत अपघटन ते हेच. फरक इतकाच, की शाळेतल्या प्रयोगात सळ्या मुद्दाम अशा निवडतात की त्या स्वतः विरघळणार नाहीत. इथे मुद्दाम विरघळणाऱ्या निवडलेल्या असतात.

पाण्याचा रेणू म्हणजे एक ऑक्सिजन आणि त्याला कोनात चिकटलेले दोन हायड्रोजन. ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण, हायड्रोजनची किंचित धन. पेल्याच्या मधोमध हे रेणू वाट्टेल तसे फिरत असतात. सळीला लागून असलेल्या रेणूंना मात्र शिस्त लागते. ऋण सळीकडे ते हायड्रोजनची टोके करतात, धन सळीकडे ऑक्सिजनची. ही रांग एक-दोन रेणूंच्या जाडीची असते, मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहून बारीक. यंत्राला २३० व्होल्ट मिळत असले, तरी त्यातला बहुतेक दाब पाण्यातून वाट काढण्यातच खर्ची पडतो. सळीच्या पृष्ठभागाशी एखाद-दोन व्होल्टच उरतात. पण तेवढेच इतक्या बारीक फटीत दाटतात, की हिशेब मीटरला १०० कोटी व्होल्टच्या घरात जातो. तुलनेसाठी, कोरड्या हवेत ठिणगी पडायला मीटरला ३० लाख व्होल्ट पुरतात. पाणी तुटते ते इथे, या फटीत. पेल्यातले बाकीचे पाणी फक्त ये-जा करणाऱ्या क्षारांचा रस्ता असते.

ऋण सळीवर धातू पाण्याला इलेक्ट्रॉन देतो. रेणू तुटतो, हायड्रोजनचा अणू सळीवर बसतो, शेजारच्या दुसऱ्या अणूशी जोडी जमवतो आणि बुडबुडा होऊन वर जातो. मागे उरतो हायड्रॉक्साइड, म्हणजे पाण्याचा अल्कधर्मी तुकडा. दिसणाऱ्या फेसातला मोठा वाटा याच हायड्रोजनचा. म्हणजे पाण्यातली ‘घाण उकळून’ वर येते हे जे सांगितले जाते, ते पाणी तुटल्याचे बुडबुडे असतात.

खरी गंमत धन सळीवर आहे. तिथे इलेक्ट्रॉन द्यायचे नसतात, कुणाकडून तरी काढून घ्यायचे असतात. उमेदवार दोन : पाणी किंवा खुद्द सळी. पाण्याकडून घ्यायचे तर दोन रेणूंनी मिळून चार इलेक्ट्रॉन सोडावे लागतात आणि दोन ऑक्सिजन अणूंची गाठ पडावी लागते. हे किचकट काम आहे. लोखंड मात्र दोन इलेक्ट्रॉन सहज सोडते आणि स्वतः पाण्यात उतरते. वीज सोपी वाट धरते. म्हणून ऑक्सिजन जवळपास निघतच नाही, त्याऐवजी लोखंड विरघळते. पाण्यात उतरलेले लोखंड समोरच्या सळीवर तयार झालेल्या हायड्रॉक्साइडला भेटते आणि हिरवट साका बनतो. हवेतला ऑक्सिजन लागला की तो तपकिरी होतो. पत्र्यावर पावसाळाभर जमणारा गंजच हा, फक्त विजेने एका मिनिटात उगवलेला. ॲल्युमिनिअमचा पांढरट चिकट साका त्यात मिसळतो आणि सगळ्याचा मिळून तो किळसवाणा रंग होतो.

किती लोखंड उतरते? मायकेल फॅरेडेने १८३० च्या दशकात दिलेल्या नियमाने हे कागदावर काढता येते. समजा अर्धा अँपिअर वीज एक मिनिट वाहिली, तर सुमारे ९ मिलिग्रॅम लोखंड विरघळते आणि पावणेचार मिलिलिटर हायड्रोजन निघतो. ९ मिलिग्रॅम म्हणजे चिमूटही नाही. पण २०० मिलिलिटरच्या पेल्यात ते लिटरला ४३ मिलिग्रॅमच्या हिशेबाने पडते आणि एवढा गंज पाणी गढूळ करायला भरपूर झाला.

हे २२५ वर्षांपूर्वीच दिसले होते

इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टाने आपल्या विद्युत घटाची बातमी १८०० च्या मार्चमध्ये लंडनला पत्राने कळवली. ते वाचून विल्यम निकल्सन आणि अँथनी कार्लाइल या दोघांनी लगेच तसा घट रचला आणि मे महिन्यात त्याच्या दोन पितळी तारा पाण्यात सोडल्या. एका तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे आले. दुसऱ्या तारेवर वायू आलाच नाही. ती तारच काळवंडत गेली आणि झिजली. मग त्यांनी पितळेऐवजी प्लॅटिनमच्या तारा लावल्या, तेव्हा दोन्हीकडून वायू निघाले : एकीकडे हायड्रोजन, दुसरीकडे ऑक्सिजन. पाणी तेच, वीज तीच, धातू बदलताच निकाल बदलला. पाणी काळे करणाऱ्या विक्रेत्याचा डाव विजेने पाणी तोडण्याच्या पहिल्याच प्रयोगात उघडा पडला होता, असे म्हणायला हरकत नाही.

मग आरओचे पाणी तसेच का राहते?

कारण त्यातून वीज जात नाही, किंवा फार थोडी जाते. निव्वळ पाणी विजेचे वाईट वाहक आहे. त्यातल्या ५५ कोटी रेणूंमागे साधारण एकच रेणू कोणत्याही क्षणी आपणहून तुटलेला असतो. वीज वाहून नेतात ते विरघळलेले क्षार : कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, बायकार्बोनेट, थोडे मीठ. जळकोटचा परिसर बालाघाटच्या डोंगररांगांतला, खाली काळा पाषाण. या पाषाणातून झिरपलेले पाणी जड असणारच. भांड्यावर पांढरा थर बसतो आणि डाळ शिजायला वेळ लागतो, तो याच क्षारांमुळे. समजा बोअरच्या पाण्याचा टीडीएस ७०० आहे आणि आरओच्या पाण्याचा ४०, तर त्याच यंत्रात दुसऱ्या पेल्यातून ढोबळमानाने सतरा-अठरापट कमी वीज वाहते. वीज कमी, तर विरघळणारे लोखंडही तितकेच कमी.

म्हणजे ही ‘टेस्ट’ मोजते काय? तर पाण्यातून वीज किती जाते एवढेच. ते सांगायला साधे टीडीएस मीटर पुरते, पण मीटरवर आकडा दिसतो, गाळ दिसत नाही. आकडा बघून कुणी रांजण उपडा करत नाही.

आणखी एक गोष्ट त्या तरुणालाही बहुधा माहीत नसावी. लोखंड किंवा ॲल्युमिनिअमच्या सळ्या पाण्यात विजेने विरघळवून तयार होणारा साका कारखान्यांचे सांडपाणी स्वच्छ करायला वापरतात. तो साका घाणीला चिकटतो आणि तिला घेऊन तळाशी बसतो. आपल्या आज्या पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवायच्या, त्यातही ॲल्युमिनिअमचा असाच साका काम करायचा. जे पाणी स्वच्छ करण्याचे साधन, तेच दाखवून पाणी घाण असल्याचा पुरावा म्हणून विकले जाते!

धातू बदलला की पाण्याचे वागणे बदलते

पाणी तोडायला सिद्धांताने १.२३ व्होल्ट पुरतात. आता घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीकडे बघा. तिच्या प्रत्येक घरात सुमारे २ व्होल्ट असतात आणि आत आम्ल मिसळलेले पाणी भरलेले असते. हिशेबाने ते पाणी बसल्या जागी तुटून संपायला हवे. तसे होत नाही, कारण तिच्या पट्ट्या शिशाच्या आहेत. शिशावर हायड्रोजनचा अणू नीट बसतच नाही, त्यामुळे जोडी जमत नाही आणि बुडबुडा निघत नाही. प्लॅटिनमवर तो बसतो, पण घट्ट चिकटून राहत नाही, जोडी जमताच निघून जातो. हायड्रोजन निघण्याच्या या मूळ वेगात प्लॅटिनम आणि शिसे यांच्यात १०० कोटी पटींच्या आसपास फरक आहे. शिशाच्या या आळशीपणावर आपल्या लोडशेडिंगच्या रात्री निघतात.

चार्जिंग गरजेपेक्षा जास्त झाले की मात्र शिशाचाही नाइलाज होतो आणि पाणी तुटू लागते. म्हणूनच बॅटरीत अधूनमधून पाणी भरावे लागते, खोली हवेशीर लागते आणि जवळ काडी ओढायची नसते. त्यात बोअरचे पाणी घालू नका असे मेकॅनिक सांगतो, तेही याच कारणाने. त्यातल्या काही धातूंचे कण शिशावर बसले की हायड्रोजनला तिथे सोपी जागा मिळते आणि बॅटरी नुसती ठेवली तरी उतरते.

हाच धातूचा प्रश्न मोठ्या प्रमाणात हरित हायड्रोजनमध्ये आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हे त्याचे लक्ष्य. प्लॅटिनम आणि इरिडिअम फार महाग, निकेल स्वस्त पण तुलनेने संथ, म्हणून जगभरातल्या प्रयोगशाळा सळीच्या पृष्ठभागावरच डोके लढवत आहेत. आपल्याकडच्या वाचकाला वेगळाच प्रश्न पडेल : पाणी किती लागेल? एक किलो हायड्रोजनला कमीत कमी ९ लिटर. ५० लाख टनांना ४५ दलघमी, म्हणजे मांजरा धरणाच्या उपयुक्त साठ्याच्या साधारण चौथा हिस्सा, आणि तोही शुद्धीकरण व थंड करण्यासाठी लागणारे पाणी न धरता. देशाच्या हिशेबात हा आकडा लहान आहे. तो कारखाना कोणत्या तालुक्यात येतो, यावर तो लहान की मोठा ते ठरेल.

घरी पडताळून पाहायचे असेल तर

विक्रेत्याचे यंत्र हातात घेऊ नका. ओल्या हाताने २३० व्होल्टशी खेळ नको. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, दोन वायरी, दोन लोखंडी खिळे आणि दोन्ही टोकांना तासलेल्या दोन पेन्सिली एवढे पुरते. आधी आरओच्या किंवा जारच्या पाण्यात खिळे बुडवा. फारसे काही होणार नाही. आता त्याच पाण्यात चमचाभर खायचा सोडा विरघळवा. बुडबुडे जोरात सुरू होतील. सोडा आणि लोखंडाची गाठ अशी, की रंग कधी हलका येतो. चिमूटभर मीठ टाकले की ‘शुद्ध’ पाण्याचाही हिरवट-तपकिरी गाळ होतो. मिठाचे पाणी वापरलेत तर खिडकी उघडी ठेवा आणि दोन-तीन मिनिटांत आवरते घ्या. मग पेला धुऊन नवे सोड्याचे पाणी घ्या आणि खिळ्यांच्या जागी पेन्सिली लावा, वायर शिशाच्या टोकाला टेकवून. (पेन्सिलीतले ‘शिसे’ म्हणजे शिसे धातू नव्हे, ग्राफाइट, म्हणजे कार्बन.) आता दोन्ही टोकांवर बुडबुडे येतात, गंजाचा रंग येत नाही. पेन्सिलींबरोबर मीठ वापरू नका, क्लोरीन निघतो. स्टीलचे चमचे तर कधीच नकोत, त्यातून क्रोमिअमचे घातक क्षार पाण्यात उतरू शकतात.

आत्याच्या नातवाने हे ओट्यावर करून दाखवले. जारच्याच पाण्याचा गाळ झालेला बघून आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘म्हणजे नळाचं पाणी चांगलं आहे.’’

म्हणजे नळाचे पाणी चांगले आहे?

इथे घाई नको. सळ्यांची टेस्ट खोटी ठरली, म्हणून पाणी निर्दोष ठरत नाही. तिने त्याबद्दल काहीच सांगितलेले नाही, चांगले नाही आणि वाईटही नाही.

मराठवाड्यात विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. पहिला नायट्रेटचा. खते, शेणखताचे ढीग आणि शोषखड्डे यांच्यातून ते भूजलात उतरते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात जास्त नायट्रेटच्या जिल्ह्यांत नांदेड आणि बीड यांची नावे आहेत. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि ती सैल करायची मुभा मानकात नाही. तान्ह्या बाळाला हे पाणी बाधते. उकळून उपयोग नाही, उलट पाणी आटते आणि नायट्रेट दाट होते. दुसरा फ्लोराइडचा. नांदेड जिल्ह्यात किनवटकडे दातांवरचे डाग आणि हाडांची दुखणी यांच्याशी त्याचा संबंध जुना आहे. सुरक्षित मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर दीड. सळ्या बुडवून यातले काहीही दिसत नाही. फ्लोराइडने भरलेले पाणी आणि निव्वळ जड पाणी त्या पेल्यात सारखेच काळे होते. जंतूंचा तर त्या यंत्राशी संबंधच नाही. आरओच्या पेल्यात अतिसाराचे जंतू असले, तरी तो पेला नितळच राहील.

हे सगळे तपासायला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, तिथे नाममात्र शुल्कात नमुना तपासून मिळतो. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना तपासणी संचही दिलेले आहेत. अहवालात टीडीएस ५०० च्या आत असेल, नायट्रेट आणि फ्लोराइड मर्यादेत असतील, तर आरओवर पैसे घालण्याचे कारण उरत नाही. ५०० च्या आत टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओवर बंदी आणावी, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये दिले होते, तेही वाया जाणाऱ्या पाण्यामुळे. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. मिरजहून निघालेली पाण्याची रेल्वे १२ एप्रिल २०१६ ला पहिले ५ लाख लिटर घेऊन पोहोचली, त्या लातूर जिल्ह्यात हे सांगावे लागते. टीडीएस २००० च्या पुढे असेल किंवा फ्लोराइड-नायट्रेट जास्त आणि दुसरा स्रोत नसेल, तिथे मात्र आरओ घ्यावाच.

आत्याच्या पाण्याचे क्षार मर्यादेत निघाले. मग जंतूंसाठी एच-टू-एसची छोटी बाटली आणली. तिच्यात पाणी भरून उबेला ठेवायचे आणि एक-दोन दिवस वाट बघायची. विष्ठेशी संबंधित जंतू असतील तर ते हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात, बाटलीत आधीच घातलेल्या लोखंडाच्या क्षाराशी त्याची गाठ पडते आणि पाणी काळे होते. इथेही काळे करते ते लोखंडच. पण इथे ते जंतू असतील तरच काळे करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली काळी होती.

दोष नळाचा नव्हता. रस्त्यावरच्या नळाला थेट धरलेल्या पाण्याची दुसरी बाटली पिवळीच राहिली. गच्चीवरच्या सिमेंटच्या हौदाचे झाकण गेल्या पावसाळ्यात फुटले होते आणि कबुतरे तिथे पाणी प्यायला येत होती. हौद उपसला, घासला, टीसीएल पावडरच्या पाण्याने धुतला आणि नवे झाकण बसवले. आठ दिवसांनी तिसरी बाटली ठेवली. ती दोन दिवस झाले तरी पिवळी आहे. जार बंद झाला आहे. यंत्राच्या पहिल्या हप्त्यासाठी फोन येतो, तो आत्याचा नातू घेतो आणि पलीकडच्याला विचारतो, ‘‘काका, तुमच्या सळ्या पेन्सिलीच्या लावल्या तर चालेल का?’’